अंगणातला डाग

इंदूरच्या जुन्या वस्तीतील त्या घराचे अंगण फारसे मोठे नाही. एका कडेला तुळशीवृंदावन, दुसऱ्या कडेला पायऱ्या. मध्ये मोटार उभी राहिली की माणसाला जाण्यायेण्यापुरती वाट उरते. त्या वाटेच्या शहाबादी फरशीवर माई रोज सकाळी रांगोळी काढतात. २०२१ च्या दिवाळीनंतरच्या एका सकाळी पाणी शिंपडून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, फरशीच्या एका जागी पाणी ठरत नाही. ते कडेला सरते आहे. वाकून पाहिले तेव्हा गाडीच्या पोटाखालून निघालेला एक तेलकट ओघळ उतारावरून वाटेपर्यंत आलेला दिसला. माईंनी रांगोळी थोडी अलीकडे काढली, आणि आत जाऊन नानांना सांगितले, "अहो, गाडी गळतेय."

गळती हा शब्द नानांना नवा नव्हता. इंदूरच्या पाणीपुरवठ्यात त्यांची तेहतीस वर्षे गेली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नर्मदेचे पाणी जलूदहून विंध्याची चढण चढवून, सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या ह्या शहरात आणले गेले, तेव्हा ते नोकरीत नवखे होते. आणि २००७ मध्ये निवृत्त झाले तेव्हा शहराच्या पोटातील नळांचा नकाशा त्यांना कागदाविना काढता येत होता. मध्यरात्रीनंतर, शहर निजले म्हणजे, लोखंडी सळईचे एक टोक झडपेवर टेकवायचे, दुसरे कानाशी धरायचे आणि जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकायचा, हे त्यांचे काम. पाणी जिथे वर येते तिथेच नळ फुटलेला असतो असे नाही. मुरमातून वाट काढीत ते पन्नास पावले दूर जाऊनही निघते. हाताखालच्या नव्या माणसांना ते पहिला धडा हाच देत : ओल दिसते तिथे खणू नका, आवाज येतो तिथे खणा.

गाडी २००४ सालची. आठ माणसे बसतील अशी, उंच बैठकीची, डिझेलवर चालणारी. मुलीच्या लग्नाचे रुखवत तिच्यातून गेले, नातवंडे तिच्यातूनच दवाखान्यातून घरी आली. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर, २०१९ मध्ये, नोंदणीचे नूतनीकरण करून घेताना नानांनी ती रंगवून घेतली होती आणि तळाला गंज लागू नये म्हणून काळ्या लेपाचा फवाराही मारून घेतला होता. मुलगा पुण्याला नोकरीस. त्याचे म्हणणे असे की, आता ही गाडी काढून टाकावी आणि लहानशी नवी घ्यावी. नाना त्यावर काही बोलत नसत. लहान गाडीची बैठक खोल असते. त्यात बसलेल्या माईंना दुखऱ्या गुडघ्यांवर भार देऊन वर उठावे लागते. ह्या गाडीच्या पुढच्या आसनावरून त्या नुसत्या पाय खाली सोडून उतरतात. हा हिशेब कोणी बोलून दाखवला नव्हता. परंतु घरात तो सर्वांना ठाऊक होता.

मोटारीच्या पोटात अनेक प्रकारचे द्रव असतात, आणि प्रत्येक जण गळताना आपली ओळख सांगतो. डिझेल इंजिनाचे तेल वापरात काळे होते. रेडिएटरचे पाणी रंगीत, बहुधा हिरवट असते आणि त्याला गोडसर वास येतो. ब्रेकचे तेल पातळ व फिकट, आणि लागेल तिथला रंग उतरविणारे. वातानुकूलनाचे पाणी म्हणजे निव्वळ पाणी. त्याची काळजी करण्याचे कारण नसते. त्या रात्री नानांनी गाडीखाली वर्तमानपत्राची पाने अंथरली आणि चारी चाकांच्या जागा त्यांवर पेन्सिलीने खुणावल्या. सकाळी पाहतात तो इंजिनाखालचा कागद कोरा होता. पुढच्या आसनांच्या मागे जो भाग येतो, त्याखालच्या पानावर दोन थेंब पडून पसरले होते. रंग मधासारखा, घट्टपणाही तसाच. आणि बोट नाकाशी नेताच गंधकाचा उग्र दर्प आला. गळत होते ते गिअरबॉक्सचे तेल.

गिअरबॉक्स ही एक बंद पेटी असते. तिच्या तळाशी तेल असते आणि खालच्या दंतचक्रांचे दात त्यात बुडालेले असतात. चक्रे फिरू लागली की तेल उडते, आणि ह्या उडालेल्या तेलावरच वरच्या चक्रांचे व बेअरिंगांचे पोषण होते. दात दातावर टेकतो तिथे दाब इतका पडतो की, साधे तेल पिळून बाहेर जाईल आणि धातूला धातू लागेल. म्हणून ह्या तेलात गंधकाची व फॉस्फरसची संयुगे मिसळतात. तो उग्र वास त्यांचा. गिअर सहज पडावा म्हणून पेटीत ज्या पितळी कड्या असतात, त्यांना ही संयुगे अधिक झाली तर सोसत नाहीत. त्यामुळे तेल भरताना डब्यावरची श्रेणी पाहूनच भरावे लागते.

मुलाच्या नव्या गाडीत गिअर आपोआप बदलत. त्या जातीच्या यंत्रात लालसर द्रव असतो, आणि तो केवळ वंगण नसतो. इंजिनाची शक्ती चाकांकडे जाते ती त्याच्याच मार्फत. तो कमी झाला की गाडी लगेच बोलू लागते. गिअर उशिरा पडतो, इंजिन गुरगुरते आणि वेग मात्र वाढत नाही. नानांच्या गाडीतील पेटी जुन्या वळणाची होती. तिच्यातील तेल थेंबाथेंबाने उणे होत गेले तरी ती तक्रार न करता चालत राहते. एखाद्या दिवशी बेअरिंगांची बारीक शीळ ऐकू येते, आणि ती ऐकू आली म्हणजे पुष्कळसे नुकसान आधीच होऊन गेलेले असते. अशा यंत्राच्या मालकाने डागाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. कारण डाग हीच त्याची एकमेव वाचा.

थेंब कुठे पडतो हे कळले, तरी तेल कुठून निघते हे कळत नाही. गाडी धावत असताना वारा तेलाला मागे रेटीत नेतो, आणि उभी राहिल्यावर ते सर्वांत खालच्या बोल्टाच्या टोकाशी गोळा होऊन तिथून टपकते. म्हणून उगम शोधायचा तो ओलीच्या वर आणि पुढे. नानांनी पेटी डिझेलने धुऊन कोरडी करविली, तिच्या सांध्यांवर माईंच्या डब्यातील टाल्कम पावडर फुंकली, आणि गाडी काही अंतर फिरवून आणली. पेटीच्या पुढच्या तोंडाशी, क्लच जिथे असतो त्या घुमटाखाली, पावडर जशीच्या तशी होती. हे सुदैव म्हणायचे. तेल तिथून निघाले असते तर क्लचची प्लेट भिजून घसरू लागली असती. तळाचा ड्रेन प्लग कोरडा होता. ओली रेघ उमटली होती ती मागच्या तोंडाशी.

ह्या मागच्या तोंडातून चाकांकडे शक्ती नेणारा दांडा बाहेर पडतो. फिरता दांडा आणि स्थिर पेटी ह्यांमधील फट एका रबरी कड्याने राखलेली असते. तिला ऑइल सील म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला एक पातळ ओठ असतो आणि ओठामागे बारीक तारेची वाटोळी स्प्रिंग. ओठ दांड्याला करकचून आवळीत नाही. तो हलकेच टेकलेला असतो, आणि तेवढ्यानेच तेल अडते. सतरा वर्षांत रबर कडक झाले असेल, ओठ झिजला असेल, असे कोणालाही वाटावे. शहरातल्या एका गॅरेजात सील बदलली गेली, तेल भरले गेले, आणि अंगणातील फरशी सोड्याने घासून माईंनी रांगोळी पुन्हा मूळ जागी आणली.

महिना गेला नाही तोच उज्जैनचे दर्शन घेऊन आलेल्या रात्री कागदावर तीन थेंब उमटले.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने पहिल्याच्या कामाला नावे ठेवली. हे सर्व धंद्यांत चालते. मात्र त्याची तपासणी बारकाईची होती. दांड्याचा जो भाग सीलच्या ओठात फिरतो त्यावर चरा पडला असेल, तर नवी सीलही गळते. त्याने नख फिरवून पाहिले, चरा नव्हता. दांड्याला आधार देणारी बुश झिजली तर दांडा डुलतो आणि ओठ त्याच्यामागे धावू शकत नाही. बुश थोडी झिजलेली निघाली. ती बदलली, सीलही पुन्हा बदलली. नानांनी दोन्ही वेळचे पैसे मुकाट्याने दिले. फेब्रुवारीत महेश्वरहून परतल्यावर गाडीखालच्या पानावर तळहाताएवढा डाग पडला.

आता मुलाने फोनवरून निकराने सांगितले, "नाना, किती दिवस तिच्यात पैसे घालणार? घाटात बंद पडली तर?" ह्या प्रश्नातली काळजी खरी होती. त्याच सुमारास धुळ्याहून निरोप आला की, माईंचे थोरले बंधू अंथरुणाला खिळले आहेत. इंदूर ते धुळे हे अंतर अडीचशे किलोमीटरांहून अधिक. बसच्या पायऱ्या माईंना चढवत नाहीत. भाड्याची गाडी करू, असे नाना म्हणाले. माई म्हणाल्या, "बघू. तुमचं गाडीचं काम होऊ दे आधी." हीच गाडी प्रथम धुळ्याला नेली तेव्हा दादांनी तिच्या चाकाखाली लिंबू ठेवून नारळ वाढविला होता, ही आठवण त्या वेळी दोघांपैकी कोणी काढली नाही. माई निवडायला घेतलेल्या तांदळांकडे वळल्या. परंतु त्या दिवसापासून सकाळी रांगोळीपूर्वी गाडीखालचा कागद त्या स्वतः काढून पाहू लागल्या.

नोकरीत असताना नाना एक वही ठेवीत. कोणत्या झडपेवर, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आवाज ऐकला, हे तीत लिहिलेले असे. गाडीसाठीही त्यांनी अशीच वही केली होती आणि ती आता पहिल्यापासून वाचून काढली. बाजारात, बँकेत, दवाखान्यात जाऊन आल्याच्या एकूण एक दिवशी कागद कोरा. उज्जैनच्या दिवशी तीन थेंब. महेश्वरच्या दिवशी मोठा डाग. सील खरोखर निकामी असती, तर गाडी थोडी चालो वा फार, ती थोडेबहुत गळलीच असती. ही गळती धावण्याच्या लांबीबरोबर, किंबहुना पेटीच्या उष्णतेबरोबर, वाढत होती. कारण सीलपाशी नसून दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि सील केवळ त्याची शिक्षा भोगते आहे, असा संशय त्यांना प्रथम आला तो वहीच्या त्या दोन पानांवर.

राऊजवळ महामार्गालगत एका वृद्ध मिस्त्रींचे साधे गॅरेज आहे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मार्चच्या एका दुपारी नाना गाडी घेऊन मानपूरचा घाट उतरले, पुन्हा चढले, आणि इंजिन गरम असतानाच ती उस्तादांच्या पिटावर आणून उभी केली. दोघेही पिटात उतरले. पेटीच्या बगलेला लेव्हल प्लग असतो. सपाटीवर उभ्या गाडीत तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवे, असा नियम. तेल किती उरले आहे ते आधी पाहावे म्हणून उस्तादांनी पाना लावला आणि प्लग हळूहळू सैल केला. शेवटचा आटा सुटायच्या आधी एक बारीक, लांबलेला फुत्कार बाहेर पडला आणि विरून गेला.

उस्ताद भोकात बोट घालून तेल अजमावू लागले. नाना मात्र जागच्या जागी उभे राहिले. हा आवाज त्यांच्या कानाने शेकडो वेळा ऐकला होता. मोठ्या नळाच्या मार्गात जिथे उंचवटा येतो तिथे हवा अडकून बसते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती पाण्याचा प्रवाह अडविते आणि कुठला तरी दुबळा सांधा उखडते. म्हणून अशा प्रत्येक उंचवट्यावर हवेची झडप बसवितात. ती गंजून बसली आणि मोकळी केली की असाच फुत्कार निघतो. विंध्याच्या चढणीवरच्या ह्या झडपा साफ ठेवण्यासाठी नानांनी उन्हाळे घालविले होते. बंद भांड्याला श्वासाची वाट लागते, हे ज्ञान त्यांच्या उपजीविकेचे ज्ञान होते. तरीही चार महिने ते ओल दिसते तिथेच खणीत राहिले.

"उस्ताद, इसकी साँस कहाँ से चलती है?" त्यांनी विचारले.

उस्तादांनी वर, पेटीच्या माथ्याकडे बोट केले. प्रत्येक गिअरबॉक्सला माथ्यावर ब्रीदर असतो : बोटाच्या पेराएवढी एक टोपी, आणि तिच्याखाली बारीक छिद्र. गाडी धावली की पेटी तापते, आतली हवा पसरते. वीस अंशांची हवा नव्वद अंशांवर गेली तर तिचे आकारमान जवळजवळ पाव हिश्शाने वाढते. छिद्र मोकळे असले की वाढीव हवा निमूटपणे निघून जाते, आणि पेटी निवाली की तेवढीच परत येते. छिद्र बुजले, तर तिला जायला एकच जागा उरते : सीलचा तो हलका टेकलेला ओठ. तो तेल अडविण्यासाठी घडविलेला असतो, दाब झेलण्यासाठी नव्हे. हवा त्याला किंचित उचलते, आणि तिच्याबरोबर तेल बाहेर येते. नवी सील बसविली तर तीही उचलली जाणार. पुन्हा पेटी निवताना आत ओढ बसते. तेव्हा त्याच वाटेने धूळ आणि पाणीही आत जाऊ शकते, आणि पाणी मिसळलेले तेल दुधासारखे पांढुरके होऊन वंगणाच्या कामातून जाते.

आसनांमधील झाकण काढून उस्तादांनी विजेरीचा झोत वरून पेटीवर सोडला. टोपी दिसेना. तिच्या जागी काळा, गुळगुळीत उंचवटा होता. २०१९ मध्ये गंज लागू नये म्हणून जो लेप फवारला होता, तो ब्रीदरवर बसून कातड्यासारखा घट्ट झाला होता. त्यानंतरची दोनेक वर्षे गाडी शहराबाहेर गेलीच नाही, त्यातले कितीतरी महिने टाळेबंदीत ती अंगणातच उभी होती. त्यामुळे पेटीला तापण्याचा प्रसंग आला नाही आणि कोंडलेल्या श्वासाचा पत्ता लागला नाही. तो फवारा मारायला सांगणारे नानाच होते. अंगणात उभे राहून त्यांनी त्या कारागिराला म्हटले होते, कोपराही सुटता कामा नये.

काम अर्ध्या दिवसाचे होते. उस्तादांनी लेप खरवडला, टोपी काढून डिझेलमध्ये बुडविली, छिद्रातून बारीक तार फिरविली आणि तोंडाने फुंकून ते मोकळे असल्याची खात्री केली. दोनदा बदललेली सील तिसऱ्यांदा बदलणे आले, कारण दाबाने तिचा ओठ उलटू लागला होता. बसविण्यापूर्वी त्यांनी ओठाला तेल लावले आणि मागच्या खाचेत थोडे ग्रीस भरले. सील ठोकताना बारीक स्प्रिंग उडून पडते ती ह्यामुळे जागी राहते. मग लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून, चहूबाजूंनी सारख्या हलक्या ठोक्यांनी, सील सरळ आत गेली. ड्रेन प्लग काढून जुने तेल सोडले. प्लगच्या चुंबकावर लोखंडाचा चिखलासारखा बारीक कीस होता, तुकडा नव्हता. पेटीला इजा झाली नव्हती. तांब्याचा वायसर नवा घालून प्लग बेताने आवळला, कारण ॲल्युमिनियमच्या पेटीत जादा जोर म्हणजे आटे गेलेच. नवे तेल भोकाच्या कडेवरून ओघळेपर्यंत भरले. उस्तादांनी सीलचे आणि तेलाचे पैसे घेतले, ब्रीदरचे घेईनात. "वो तो हवा थी, साहब," एवढेच म्हणाले.

दोन दिवसांनी नाना आणि माई पहाटे निघाले. मानपूरचा घाट उतरल्यावर उजाडले. खलघाटच्या पुलावर माईंनी नर्मदेत नाणे टाकले. नानांनी नदीच्या वरच्या अंगाला, जलूदच्या दिशेला, क्षणभर पाहिले. सेंधव्यापर्यंत माई फारशा बोलल्या नव्हत्या. बिजासनचा घाट लागला तेव्हा त्या एकाएकी दादांविषयी बोलू लागल्या : वडील गेल्यावर दादांनी शाळा सोडून अडतीच्या दुकानात कशी नोकरी धरली, माईंच्या मॅट्रिकच्या फीसाठी सायकल कशी विकली, आणि ती विकल्याचे किती वर्षे कोणाला कळू दिले नाही. पळासनेर गेले, शिरपूर गेले, तापी ओलांडली, तरी त्या बोलतच होत्या. नानांनी पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांतील काही ऐकले नव्हते. त्यांनी गाडीचा वेग थोडा कमी केला.

धुळ्याच्या त्या घरासमोर रात्री गाडी उभी राहिली तेव्हा नानांनी तिच्याखाली वर्तमानपत्र अंथरले. सकाळी ते उठण्यापूर्वीच माई बाहेर जाऊन आल्या होत्या. "कोरा आहे," त्यांनी सांगितले, आणि दादांच्या उशाशी जाऊन बसल्या. तिथे त्या अकरा दिवस राहिल्या. दादा २०२२ च्या पावसाळ्यात गेले.

२०२४ मध्ये नोंदणीचे पुन्हा नूतनीकरण करायचे होते. तळाला लेप मारायला कारागीर आला तेव्हा मुलगा सुट्टीवर इंदुरात होता. पंचाहत्तरीचे नाना आसनांमधील झाकण काढून गुडघ्यांवर बसले, आणि ब्रीदरच्या टोपीवर त्यांनी कागद ठेवून चिकटपट्टी गुंडाळली. काम आटोपल्यावर त्यांनी ती मुलाला काढायला लावली. टोपी स्वच्छ होती. मुलाने आपण होऊन तिला बोट लावून पाहिले. ती सैल होती, जशी असायला हवी तशी किंचित हलत होती.

अंगणातील जुना डाग पुरता गेलेला नाही. फरशीच्या रंध्रांत मुरलेले तेल सोड्याने निघत नाही. माई त्याच्यावरूनच रांगोळी काढतात.